बिनमिशीचा राजा

मुलगी : "मी तीन वेळा रडले, चौथ्यांदा बघणार आहे."
"आवाज फार बारीक आहे. कुणी तपासत नाही का?"
"हातोडा धरणाऱ्या हातात पुरस्कार. याला म्हणतात नशीब!"
"याने माझ्या आत्याकडे कपाट केलं होतं. दार अजून लागत नाही."
"बिनमिशीचा राजा! काय हिंमत! आधी कुणाला सुचलंच नव्हतं."
"ती पहिली टाळी कुणाची असेल हो? त्या माणसाला कुणी शोधेल का?"

आई : पुढचं वाच.

मुलगी : पुढचंच वाचतेय. फिल्मखाली चारशे बारा जणांनी लिहिलंय, आई. बाबांना सगळ्यांचं ऐकायचंय.

आई : काल दीड तास बघितलीत ना त्याच्यावरची फिल्म? अजून पोट भरलं नाही?

बाबा : लोक काय म्हणतात ते ऐकू दे. एवढं बारीक अक्षर मला दिसत नाही.

आई : लोक काय म्हणणार! सुताराचा नट झाला, चमत्कार झाला, हेच. अभ्रे आण गं इकडे, घड्या घालते.

मुलगी : बाबा, हे नाही वाचत मी.

बाबा : वाच.

मुलगी : "नाटकातला मूळ राजा पिऊन जिन्यावरून पडला, म्हणून आपल्याला हा हिरा मिळाला. त्या दारुड्याचे मनापासून आभार." एकशे नव्वद जणांना आवडलंय.

बाबा : माझे आभार.

आई : घ्या. वाका. टाळ्या चालू आहेत.

मुलगी : आई!

आई : काय आई? मी पाडलं का त्यांना?

मुलगी : फिल्ममध्ये तुमचं नाव घेतलं नाही त्याने, तेवढं बरं. "आमच्या दादांना त्या दिवशी जरा जास्त झाली होती," एवढंच म्हणाला आणि हसला.

बाबा : ओठ मिटून हसला. बघितलंस? अजून तसाच हसतो. तोंडात कायम खिळे धरलेले असायचे ना. आम्ही खिळ्याच म्हणायचो त्याला. तालमीभर ठोकठोक करायचा आणि माझी वाक्यं पुटपुटायचा. खिळे तोंडात ठेवून! मी विसरलो की मागून बरोबर शब्द यायचा.

आई : वाच गं. यांचं सुरू झालं की संपत नाही.

मुलगी : "केस कुठे कापतो हा?" "माझा नवरा म्हणतो ओव्हरॲक्टिंग, मी त्याच्याशी बोलत नाहीये." "चौथ्या मिनिटाला सेटच्या जिन्याचा जुना फोटो आहे. वरून तिसऱ्या पायरीला दोनच खिळे दिसतात. चार लागतात. मी स्वतः सुतार आहे." "कुणाकडे याचा नंबर..."

बाबा : थांब. मागचं परत.

मुलगी : सुताराचं? "वरून तिसऱ्या पायरीला दोनच खिळे दिसतात. चार लागतात."

बाबा : वरूनच लिहिलंय ना? तिसरी?

मुलगी : हो. कुणालाच आवडलेलं नाही. खाली एकाने उत्तर दिलंय, "काका, फिल्म बघा, खिळे काय मोजताय?"

बाबा : परत वाच.

मुलगी : बाबा, काय झालं?

बाबा : त्या दुपारी पेपरचा फोटोवाला आला होता. संध्याकाळी मी राजाचा वेश करून जिना एकदा चढून बघितला. दुसरी घंटा व्हायची होती. वरून तिसरी पायरी निघाली.

मुलगी : निघाली म्हणजे?

बाबा : म्हणजे निघाली. मी गुडघ्यावर आपटलो. मेकअपवाल्याच्या पेटीत बाटली असायची. कळ थांबावी म्हणून त्याने दोन झाकणं पाजली. तेवढ्यात मॅनेजर आला. विचारलं, पायरी कुणी ठोकली? खिळ्या माझ्या मागे उभा. पांढराफटक. त्याला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. आधी दोन कंपन्यांनी हाकललेला, बायको बाळंतीण. मी म्हटलं, पायरीला काही झालेलं नाही. मी प्यालोय.

मुलगी : तुम्ही म्हणालात?

बाबा : मीच. आमच्याकडे पिऊन येणारे आणखी दोघं होते. आठ दिवस घरी बसवायचे, परत घ्यायचे. सुताराला कुणी परत घेतलं नसतं. मला वाटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

मुलगी : आणि तो? तो काहीच बोलला नाही?

बाबा : धावत गेला. उरलेले दोन खिळे मारले. पाठ कुणाला आहे विचारल्यावर सगळ्यांनी त्याच्याकडे बोट केलं. माझा अंगरखा काढला, त्याला घातला. मुकुट काढला. मिशी निघेना, गोंद नवा होता. तिसरी घंटा झाली. गेला तसाच, बिनमिशीचा. त्याच जिन्यावरून उतरला.

मुलगी : आणि हे लोक म्हणतायत काय हिंमत!

बाबा : मिशी माझ्या तोंडावर. हाडवैद्य म्हणतो कसा, राजेसाहेब, कुठल्या लढाईत पडलात?

मुलगी : हसू नका, बाबा. प्लीज.

बाबा : गुडघा परत वाकलाच नाही. उभ्याने करायचं काम मिळालं, बसस्टँडवर माइकपुढे. सव्वीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्या. आवाज तेवढा वापरात राहिला.

आई : मला सांगितलं नाहीत.

बाबा : नाही.

आई : चौतीस वर्षं झाली. तुम्ही आलात की दार उघडून मी आधी तुमच्या तोंडाचा वास घेते.

बाबा : माहीत आहे. म्हणून तर दारात श्वास सोडून उभा राहतो.

आई : कधीच कसं सांगितलं नाहीत?

बाबा : त्या आठवड्यात सांगितलं असतं तर तू मॅनेजरच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस. खिळ्याची नोकरी गेली असती. वर्षभरात तो सिनेमात गेला. मग सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, जळताय त्याच्यावर.

आई : म्हणाले असते.

मुलगी : शाळेत मुली मला झिंगरी, दारुड्याची पोर म्हणायच्या, बाबा. तुमचा लंगडा पाय बघून. मी त्यांच्याशी भांडायचे नाही. मला खरंच वाटायचं.

बाबा : हं.

मुलगी : हं काय? मी लिहिते आत्ता. सगळं लिहिते.

बाबा : त्या सुताराला लिही. एवढंच, "बरोबर. चारच लागतात."

मुलगी : लिहिलं. आणि त्याखाली माझंही लिहिलं, "मूळ राजा माझे वडील. ते प्यायले नव्हते."

आई : मग? आलं का काही?

मुलगी : आलं.

आई : काय आलं?

मुलगी : "सगळ्याच मुली असं म्हणतात, ताई." नऊ जण हसलेत. आता अकरा.

बाबा : पुसून टाक.

मुलगी : मी त्यांना सांगते ना, पायरी...

बाबा : पूस. सुताराचं तेवढं राहू दे.

मुलगी : पुसलं.

बाबा : किती राहिलेत?

मुलगी : दोनशेच्या वर. बाबा, बास करूया.

बाबा : अजून कुणी फोटो नीट बघितला असेल. वाच.

मुलगी : "सुंदर." "सुंदर." "दुसरा भाग कधी?" "त्या पहिल्या टाळीवरच वेगळी फिल्म काढा." हेच चाललंय पुढे. तो म्हणाला होता ना, जिन्यावर दिसलो, परत फिरणार इतक्यात डावीकडून एक टाळी आली. ती आली नसती तर मी आजही खिळे ठोकत असतो. पन्नासेक जण तरी विचारतायत, कोण होतं ते.

(आई घडी घातलेला अभ्रा पुन्हा उलगडते.)

बाबा : आपल्यातलंच कुणी असेल. पडद्यामागचं. धीर द्यायला.

आई : नाही.

बाबा : तुला काय माहीत? तू पडदा उघडायच्या आधीच निघून आलीस म्हणाली होतीस.

आई : पास तुम्हीच दिला होतात. डावीकडची, खांबामागची खुर्ची. तिथून मला जिन्यावरचा नुसता अंगरखा दिसला. वाटलं, तुम्हीच आहात.