एलुबेचा श्वास थांबवल्याबाबत

नाव विक्लिफ सांदिकोंडा, वय ५२ वर्षे, धंदा सायकलीचे सुटे भाग विकणे, राहणार बायकोच्या गावी, चिकोवे, जिल्हा झोम्बा, मलावी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मयत एलुबे ही माझी बायको. इस्पितळात खाट फुकट होती, औषधही फुकट. पण श्वासाचं यंत्र एकच, आणि त्यावर दुसरा रोगी. म्हणून तिच्या घशातल्या नळीला रबरी पिशवी जोडून दिली. ती हाताने दाबायची आणि सोडायची. दाबली तरच श्वास. तेव्हा त्या फुकट खाटेची खरी किंमत म्हणजे माझी दोन मनगटं आणि मेहुणी फालेसीची दोन. फालेसीला अजून मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा घोटता येत नाही, शेजारीण येऊन घोटून देते.

तक्रारदार ग्रेसियन लिकाका हे माझे मामेसासरे. आमच्यात बाईच्या आजारपणात आणि मरणात शब्द तिच्या मामाचा; नवरा तिच्या गावात राहायला आलेला उपरा. मामा पहिल्याच दिवशी वॉर्डात सर्वांदेखत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आमच्या दावणीचा बोकड. बोकडाला कारभार विचारत नसतात. या घराण्यातला श्वाससुद्धा मला विचारून आतबाहेर होतो."

मी म्हणालो, "मग मामा, बसा इथे. जरा वेळ तुम्हीच करा आतबाहेर."

फालेसी हसली. मामांचा खांदा दुखत होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला व मामांना व्हरांड्यात बोलावलं. मेंदूत रक्त सांडून मेंदू गेला आहे, तुम्ही दाबता तेव्हा फक्त छाती हलते, ती परत यायची नाही, थांबायचं तर घरच्यांनी सांगावं, असं त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, गावात वडीलधाऱ्यांना विचारून येतो. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "घराण्याचं म्हणणं पडलं, नवऱ्यानेच सांगावं."

मी बाजारात वाढलेला माणूस. कोणी मान फुकट देऊ लागला की तो आधी उलटा करून बघतो. आमच्याकडे पुरताना मामाने कबरीपाशी उभं राहून आजाराची हकीकत सांगायची असते, कोणी काय केलं ते नावानिशी. तिथे घेतलेलं नाव जन्मभर पुसत नाही. चेटूक म्हणून चिकटतं. मी म्हणालो, "बोकडाला कशाला विचारता, मामा? तुमचा मान तुम्हीच ठेवा."

त्यानंतर आमच्यापैकी कोणीच तो विषय काढला नाही. पिशवी चालू राहिली. एलुबेची पाठ चिघळली. चादर बदलताना फालेसी तोंड फिरवून घेत असे.

शनिवारी दुपारी पिशवी दाबायची पाळी फालेसीची होती. ती मला म्हणाली, "भावजी, तुम्ही दोघं कबरीवरच्या भाषणाची काळजी करताय. ताईचं कोण बघतंय? आईच्या शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली होती, मला असं टांगून ठेवू नका. तुम्हीही तिथेच होता. थांबू का, तेवढं सांगा."

मामा दाराशी उभे होते. त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले.

मी म्हणालो, "थांब."

ती थांबेना. मी तिची बोटं एकेक करून पिशवीवरून सोडवली.

कबरीपाशी मामांनी सांगितलं की, जावयाने श्वास तोडला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर कोणी राख ओतून गेलं. त्यानंतर मामांनी इथे तक्रार दिली.

खून केला का, असे विचारल्यावरून सांगतो की, शब्द माझा आणि बोटं सोडवणारे हातही माझेच. फालेसीला यात घेऊ नये. शब्द द्यायला उशीर केला, त्याचं कलम असेल तर लावावं.

वरील मजकूर मला माझ्या भाषेत ऐकवला, मी बोललो तसाच उतरला आहे. ऐकल्यावर एक गोष्ट जोडायला सांगितली, ती अशी: आज ठाण्यात साहेबांनी मामांना माझ्यासमोर विचारलं की, मरणाचं कारण तपासायला कबर उघडावी लागेल, घरातर्फे होकार कोण देणार?

मामा म्हणाले, "नवऱ्याला विचारा."