मंडईचे वडे आणि गोळी

अठ्ठ्याऐंशी साल. छातीत लागलेली गाठ दाखवायला मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात बसले होते, मांडीवर तान्हा मुलगा. शेजारी कोंढ्याच्या बायजाबाई आणि त्यांची नणंद सुमन.

"वैनी, कॅन्सरच्या गाठीसंगं एका बाजूची छाती काढून वरीस झालं. आता ते गोळी कायले खाऊन राहिली? रक्तात चरबी वाढन."

"वाढली नाही वो, कमी झाली. डाक्टरनं आत्ताच सांगतलं."

"तेल सोडलं म्हणून झाली."

"तेल कोणं सोडलं? दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा, घरभर पाव्हणे, वडे तळले. मी काय वास घेत बसू?"

"अवो वैनी! दादाले तं मी सांगतलं, वैनी तेलाले शिवत नाही."

"डाक्टर म्हणे, म्हाताऱ्या बायकायची चरबी या गोळीनं उतरते कधी कधी. मी गोळी खातो गाठ वापस येऊ नये म्हणून. चरबी उतरली ते फुकटात."

"म्हणजे सोडत नाही?"

"वडे सोडीन एकवेळ, गोळी नाही. पुढची मंडई मले पाहाची आहे."

माझा नंबर पुकारला. मी बसूनच राहिले.

"जाय पोरी. लेकरू दे माह्यापाशी. या बाजूनं दे. इकडं सपाट आहे, त्याले झोपाले जागा जास्त."