वर बघा!

...नाही, मी म्हणतो, मोती काढून न्यायचा आणि काच तेवढी आपल्याकडे ठेवायची, हा कुठला व्यवहार? तुम्हाला सांगतो, माझ्या एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदू असे दोघे शेजारी राहत होते, भांडण नाही, तंटा नाही... आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदू सांभाळावा लागतो." सांभाळावा! अहो, मी आयुष्यात मांजर सांभाळलं नाही!

सांभाळायचा म्हणजे काय, तर थेंब. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून सकाळी एका बाटलीचा, संध्याकाळी दुसरीचा. हे खातं आमच्या हिच्याकडे. मी खुर्चीत मान मागे टाकायची, हिनं बाटली उपडी धरायची आणि हुकूम सोडायचा, "वर बघा!" मी बघायचो हिच्याकडे. "माझ्याकडे काय बघताय? मी काय पळून चाललेय? वर बघा!" टप्प! थेंब बरोबर डोळ्यात.

गेल्या वर्षी ही गेली. बाटली माझ्या हातात आली.

आता स्वतःच मान मागे टाकायची, स्वतःच बाटली धरायची आणि स्वतःलाच म्हणायचं, "वर बघा!" स्वतःला अहोजाहो करायची पाळी आली हो! पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा ओघळत थेट कानात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाब वाढलाय, काका. थेंब रोज पडतात ना?"

म्हटलं, "पडतात की! डोळ्यात पडतात असं मी कुठं म्हणतोय?"

हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कडेची नजर थोडी गेलीय. ती परत येणार नाही. उरलीय ती तरी राखू या. तुमच्या डोळ्यातलं भिंग फुगून पाणी निघायची वाट अडवून बसलंय. मोतीबिंदू काढला की वाट मोकळी होईल, दाब उतरेल, थेंब कदाचित कमी होतील."

ह्यातलं 'कदाचित' माझ्या कानात शिरलंच नाही. तिथं आधीच औषध होतं ना! आमचा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, त्याला तर कदाचित हा शब्दच ठाऊक नाही. "भावजी, मोती काढला की काच आपोआप जाते! बाटल्या फेकून द्यायच्या!"

झालं! टेबलावर आडवा केला, तोंडावर कापड, डोळ्यासमोर दिवा. "काका, दिव्याकडे बघत राहा." बघतोय. तेवढ्यात कुणीतरी डोळ्यात पाणी सोडलं... टप्प! आणि मी बघितलं वर.

"वर नको, काका! दिव्याकडे!"

"बाई, थेंब पडला की मी वर बघतो."

"ही कुणी लावली सवय?"

म्हटलं, "तुमचं चालू द्या."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि तुम्हाला सांगतो, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं खडाखडा वाचली! कडेला धूसर आहे ते आहेच. पण दाब? दोन-चार खेपा तपासून शेवटी बाई म्हणाल्या, "छान उतरलाय. सकाळची बाटली बंद."

"आणि संध्याकाळची?"

"ती चालू."

"किती दिवस?"

"काका, काचबिंदू आहे तोवर."

म्हणजे मी आहे तोवर!

बरं, घरी आलो, खुर्चीत बसलो, मान मागे, बाटली उपडी, "वर बघा!" बघितलं. पूर्वी वर हिचा चेहरा असायचा, मग नुसतं धुकं होतं, आणि आता बघतो तर लख्ख छत! आणि छताच्या कोपऱ्यात हे एवढं मोठं जळमट! मी त्याच्याकडे टक लावून बघतच राहिलो आणि... टप्प! डोळ्यात! अहो, डोळ्यात! नजर ठरायला काहीतरी हवं होतं हो, दुसरं काय! मग रोज तेच. जळमटावर नजर, थेंब डोळ्यात. डॉक्टरीणबाई खूश, "दाब एकदम ताब्यात! कसं जमवलंत?" आता काय सांगणार?

परवा मेहुणा आला. आला तो कमरेवर हात ठेवून वर बघायला लागला. त्याला कुणी सांगितलं होतं वर बघायला? "काय हे, भावजी! ताई असती तर..."

"हात लावू नकोस! ते औषधाचं आहे!"

"जळमट? औषधाचं?"

असं म्हणेपर्यंत काठीला झाडू बांधून, एका फटक्यात, साफ!

तर तेव्हापासून रोज संध्याकाळी बसतो खुर्चीत... मान मागे, बाटली उपडी, छत कसं स्वच्छ, थेंब कानात... आणि मी आपला वर बघत, कोळ्याची वाट बघत.