कंपनीचो गाव खंयचो?

तुम्ही हसाल, पण आमच्या आईनं त्या बोलणाऱ्या अ‍ॅपची सोयरीक जुळवावी तशी चौकशी केली. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या चुकत होत्या, त्यांची आठवण करायला म्हणून मी ते तिच्या फोनवर घातलं होतं.

"ह्या केल्यान कोणी?"

"एका कंपनीनं."

"कंपनीचो गाव खंयचो? घर नाय, गाव नाय, आणि ह्याचा ऐकान मी गोळी घेऊ?"

आठवडाभर तिनं फोनला हात लावला नाही. शेवटी मी विचारपूस केली, तर ते बनवणारी मुलगी गोव्यातल्या साखळी गावची निघाली, आमच्या सुमनच्या हाताखाली शिकलेली. सुमन म्हणजे माझी धाकटी बहीण, शाळेत शिक्षिका होती. तिला जाऊन वर्ष झालं.

"सुमनची पोर? मगे आधी सांगूक नको?" म्हणत आईनं चष्मा लावला आणि फोन उचलला.

मी बाहेर आलो. आतून तिचा आवाज आला, "बाय गो, आमची सुमन वर्गात कशी शिकवायची?"

"माफ करा, मला त्यांच्याबद्दल माहिती नाही," फोन म्हणाला.

आईनं चष्मा काढला. मग मला हाक मारून म्हणाली, "अरे, हिका सुमन ठावक नाय म्हणता."

"होय, आई. मीही सकाळी तिला हेच विचारलं होतं."