एम दाबला अन् बिदाई वाजली

हसा तुम्ही, पण माझ्या प्रोग्रॅममुळे एका पोरीची बिदाई लग्नाआधीच झाली होती.

सिंदी मेघेच्या दिनूभाऊ मंडपवाल्याले मी लग्नातल्या गाण्यांचा प्रोग्रॅम करून दिला होता. एम दाबला की मंगलाष्टकं, बी दाबला की बिदाईचं गाणं. तो ज्या टूलकिटवर, म्हणजे मेनू-बटणांच्या तयार संचावर बनवला, त्याची एक खोड होती. मेनूतल्या गाण्याच्या नावावर माऊस ठेवून कोणतीही कळ दाबा, गाणं वाजत नसे, पण ती कळ त्याच गाण्याची होऊन जाय. मले ही सोय लय आवडली होती.

त्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी भाऊचा माऊस 'बिदाई'वर होता. "मंगलाष्टकाले एमच ना?" म्हणत त्यानं एम दाबून पाह्यला अन् मेनू बंद केला.

अंतरपाट धरला, साऱ्यांच्या मुठीत अक्षता. महाराजांनी मान हलवली, भाऊनं एम दाबला, अन् स्पीकरवर बिदाई सुरू! पोरीच्या मायनं हंबरडाच फोडला. आत्या-मावश्या पोरीच्या गळ्यात पडल्या. अंतरपाटामागून नवरदेव इचारे, "काऊन रडून राह्यले सारे? लागलं का लग्न?"

दुसऱ्या दिवशी मी भाऊले म्हटलं, "कळ बदलली की प्रोग्रॅमले सिग्नल येते. तो पकडून मी बदल तिथंच रद्द करतो."

"हात नको लावू!" भाऊ म्हणे. "रडणं आधीच उरकलं, म्हणून वऱ्हाडाची बस टायमावर तळेगावले निघाली. नवरदेवाचा बाप सांगून गेला, धाकट्याच्या लग्नातही पह्यले बिदाईच लावजो."