पान एकतीस

...आणि वर बाबा विचारतात काय, "रडलीस का?" अहो, पुस्तक वाचायला दिलंय की कांदे चिरायला? तुम्हाला सांगते, आमच्या घरात रीतच आहे. एका थोर माणसाच्या लहानपणच्या आठवणी, आजोबांच्या वेळची प्रत, जो वाचेल त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर सही करायची आणि कुठल्या पानावर रडू आलं तो आकडा लिहायचा. आजोबा, चौऱ्याऐंशी. बाबा, काका, चौऱ्याऐंशी. दादाचंही तेच, आणि दादाने तर पुस्तक ऐंशीव्या पानापासूनच उघडलं होतं, मी पाहिलंय... आता माझी पाळी.

पुस्तक वाईट नाही हो, मी वाईट म्हणतच नाही. तापात पडल्या पडल्या तो छतावरच्या ओलीच्या डागात नकाशे शोधतो, ते मी दोनदा वाचलं. पण चौऱ्याऐंशीवर आई त्याला वसतिगृहाच्या फाटकाशी सोडून जाते, तिथे माझे डोळे कोरडे ठणठणीत. कारण मी एकतीसवरच अडकले होते. तिथे एकच वाक्य आहे, 'त्या वर्षी ताईची शाळा सुटली आणि मला नवे बूट मिळाले.' बस्स. पुढची तीन पानं बूट! चामडं, वास, नाड्या, चालताना होणारी कुरकुर... आणि ताई? ती परत दिसते थेट शेवटच्या प्रकरणात, पाहुण्यांना पाणी घेऊन येताना. पण पुस्तक वाईट नाही हो.

मी लिहिलं, एकतीस. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चुकलीस. चौऱ्याऐंशी लिही."

"मला तिथेच रडू आलं, बाबा."

"तिथे बुटांचं वर्णन आहे गं. बुटांवर कोण रडतं?"

"जिला मिळत नाहीत ती," आई म्हणाली. शर्टाला बटण लावत होती, मान वर न करता. त्या यादीत आईची सही नाही. तिला कुणी पुस्तक दिलंच नव्हतं.

बाबांनी एकतीसावं पान उघडलं, मोठ्याने वाचायला लागले, आणि त्या वाक्याशी येताच पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, मी जिंकले!

कसलं काय. रविवारी काका आले, शेजारचे आले, आणि बाबा खुर्ची पुढे ओढून सांगतायत, "या पुस्तकाचं मर्म चौऱ्याऐंशीवर नाहीच. मी पहिल्यापासून म्हणत आलोय, पान एकतीस." काकांनी तिथल्या तिथे आपला आकडा खोडला. दादाने मान डोलावली. मग बाबा डोळे पुसत माझ्याकडे वळले.

"सगळ्यांना पाणी आण गं."

...आणलं. पुस्तक वाईट नाही हो.