बारीक आवाजाचा वायू

(वडशाच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. नाटक मंडळीचे मालक हरिदासभाऊ, नटी धुरपता आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या स्वाती मॅडम.)

हरिदास : सिलिंडरले साखळी काऊन बांधली मॅडम? पळून जाते का ते?

स्वाती : पडून तोंड तुटलं, तर भिंत फोडून पळतं. हात काढा भाऊ.

हरिदास : एक फुगाभर हेलियम द्या ना. धुरपता आमच्या नाटकात मेलेली पोरगी होते, भूत होऊन हाका मारते. आता तिचा आवाज जाडा झाला. हे ओढलं का बारीक निघते. लग्नात फुगेवाला ओढते, अख्खा मांडव हासते!

धुरपता : मले इचारलं का कोणी?

हरिदास : तुह्यासाठीच तं आलो! नाई तं पोरीचं काम दुसऱ्या नटीले, खुशबूले द्या लागते.

धुरपता : मॅडम, तुमी कायले वापरता हा वायू?

स्वाती : या भांड्यातली हवा पंपानं काढून टाकलीय, पण कुठंतरी गळतंय. म्हणून बाहेरून एकेका सांध्यावर हेलियम सोडायचा. केसाएवढं भोक असलं तरी आत शिरतो, आणि हे यंत्र ओरडतं.

धुरपता : म्हंजे आत गेला, तं भोक हाये.

स्वाती : बरोबर.

धुरपता : भाऊ, माह्यात भोक नाई.

हरिदास : अवो, कलेसाठी एक दम! विषारी हाये का मॅडम?

स्वाती : विष नाही, वासही नाही. फुप्फुसातली हवा हाकलतो आणि जागा धरून बसतो, पुढाऱ्यासारखा. गुदमरल्याचं कळतही नाही, माणूस सरळ खाली. आणि सिलिंडरलाच तोंड लावलं, तर फुप्फुस फाटतं.

हरिदास : पडली तं पडदा पाडू. पोरगी मेलेलीच हाये.

धुरपता : नाटकात, भाऊ.

स्वाती : मी देणार नाही.

हरिदास : तुमचे प्राचार्य दरसाल माह्याकडून पहिल्या रांगेचे पास नेते, मॅडम!

स्वाती : मग त्यांनाच ओढायला द्या.

हरिदास : र्‍हाऊ द्या. चामोर्शीचा फुगेवाला हाये ओळखीचा. धुरपता, ओढशीन का नाई, एक सांग.

धुरपता : नाई.

हरिदास : मंग पोरगी गेली तुह्या हातची.

धुरपता : जाऊ द्या. पण खुशबूले ओढाले लावसान तं तिच्या घरी मी सांगून येईन.

हरिदास : तिचा आवाज बारीकच हाये. तू काय करशीन?

धुरपता : पोरीची माय.

हरिदास : नाटकात माय कुठी हाये?

धुरपता : मंग इतके वर्ष मी कोणाले हाका मारून राह्यली, भाऊ?